शंभर भरली, आता कागद काढा

गेल्या अंकात आमच्या चरईतल्या गायन मंडळाच्या पेटीबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की मंडळाच्या शंभरीला अजून बारा वर्षं आहेत, तोवर भाता टिकेल, माझा भरवसा नाही. पत्रांचा गठ्ठा आला. एकही पत्र भात्याबद्दल नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. सगळी शंभरीबद्दल. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत जुनी भजनी मंडळं, गायन मंडळं इतकी आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या सगळ्यांचे चिटणीस रात्री जागून एकाच गोष्टीचा विचार करत असतील हे माहीत नव्हतं: सरकार आपल्याकडे कधी बघणार? म्हणून या वेळी सुना, जावई आणि सोसायटीचं पार्किंग बाजूला. (एक जावई आहे, पण तो कामाचा आहे.)

नव्या वाचकांसाठी सांगते. मी एकतीस वर्षं एका हिशेब तपासनिसांच्या कचेरीत ट्रस्टांच्या वह्या तपासल्या आणि बेचाळीस वर्षं दर गुरुवारी पेटी वाजवली. काळ्या-पांढऱ्याशी संबंध दोन्हीकडे आला.

ताई, माझा जावई जर्मनीत असतो. तिथल्या त्याच्या गावातल्या गायनवृंदाला शंभर वर्षं झाली म्हणून राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळालं. गाणारे कोण, तर सुतार, नर्स, शाळामास्तर. एकही पट्टीचा गवई नाही. आमच्या नौपाड्यातल्या मंडळाची शंभरी तीन वर्षांवर आली आहे. आपल्याकडे असं पदक आहे का? नसेल तर का नाही?
— एक चिटणीस, नौपाडा

जावई खरं बोलतोय. त्या पदकाला झेल्टर पदक म्हणतात. थिओडोर हॉइस राष्ट्राध्यक्ष असताना १९५६ साली त्यांनी ते हौशी गायनवृंदांसाठी सुरू केलं. मग वाजवणाऱ्यांनी काय घोडं मारलं, म्हणून हौशी वाद्यवृंदांसाठी १९६८ साली हाइनरिश ल्युबके यांनी प्रो म्युझिका पदक काढलं. अट सांगायला सोपी आहे. संस्थेला शंभर वर्षं पुरी झालेली हवीत आणि त्या शंभर वर्षांत गाणं-वाजवणं मनापासून, नेटाने चालू होतं हे दाखवता आलं पाहिजे. ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी मोठा समारंभ होतो. तिथे एक गायनवृंद आणि एक वाद्यवृंद सगळ्यांच्या वतीने पदक घेतात, बाकीच्यांना ते आपापल्या राज्यात मिळतं. पैसे नाहीत. पदक आणि प्रमाणपत्र, बस्स.

मला या सगळ्यात जास्त आवडतो तो झेल्टर. कार्ल फ्रीडरिश झेल्टर, जन्म १७५८, बर्लिनचा. धंद्याने गवंडी! बाप गवंडी, मुलगाही गवंडी, आणि नुसता विटा वाहणारा नव्हे, गवंडीकामातला रीतसर उस्ताद. दिवसा भिंती, संध्याकाळी गाणं. बर्लिनमध्ये १७९१ साली हौशी लोकांची एक गायनसंस्था निघाली होती, झिंग-अकादमी नावाची. तिची धुरा १८०० साली या गवंड्याच्या हाती आली ती १८३२ मध्ये तो वारेपर्यंत. मधे १८०९ साली त्याने आणखी एक टूम काढली, टेबलाभोवती बसायचं, खायचं-प्यायचं आणि मिळून गायचं. ते लोण पुढे जर्मनीभर पसरलं. त्याचा एक विद्यार्थी होता मेंडेलसन, पुढे मोठा संगीतकार झाला तो. वीस वर्षांच्या त्या पोराने १८२९ साली याच हौशी मंडळींना घेऊन बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची मोठी धार्मिक रचना उभी केली. बाख जाऊन तेव्हा एकोणऐंशी वर्षं झाली होती आणि ती रचना लोक विसरले होते. आज जग बाखला डोक्यावर घेतं, त्याच्या मुळाशी दिवसभर दुसरी कामं करून आलेले गळे आहेत.

गवंडी म्हटल्यावर मला चोखोबा आठवतात. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले असं आपण परंपरेने ऐकत आलोय. गोरोबांचं चाक, सावतोबांचा मळा, नरहरींची पेटी (ती दागिन्यांची, माझी नव्हे), सेना महाराजांची धोपटी. यातला कोण गाऊन पोट भरत होता? हौशी हा शब्द आपण हल्ली जरा नाक मुरडून वापरतो. खरं तर आपल्याकडे गाणं टिकलं ते पोटापाण्याचं काम वेगळं असणाऱ्यांच्या गळ्यात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याकडे का नाही. आपल्याकडे मान माणसाचा होतो. राज्य सरकारचे संगीतातले मोठे पुरस्कार बघा: लतादीदींच्या नावाचा, पंडित भीमसेन जोशींच्या नावाचा शास्त्रीय संगीतातला जीवनगौरव, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाचा संगीत रंगभूमीचा. तिन्ही कलाकाराला. दिल्लीची संगीत नाटक अकादमी देते तेही मुख्यतः कलाकाराला. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. पण कलाकार ज्या सतरंजीवर बसून शिकला, ती सतरंजी दर आठवड्याला कोण घालत होतं याची नोंद कुठेच होत नाही. शंभर वर्षं पुरी केली, नेटाने चालवलं, एवढ्याच कारणावर हक्काने मागता येईल असा सन्मान आपल्याकडे नाही.

संस्थेचा सन्मान करायची रीतच नाही असंही नाही. मध्य प्रदेश सरकार ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात राजा मानसिंह तोमर सन्मान देतं, तो संस्थांसाठीच आहे. केंद्र सरकारने टागोरांच्या नावाने सांस्कृतिक सौहार्दाचा पुरस्कार काढला, एक कोटी रुपयांचा, आणि २०१५ सालचा तो पुरस्कार ढाक्याच्या छायानट या संस्थेला दिला. छायानट १९६१ साली निघाली, रवींद्रसंगीत शिकवते. म्हणजे सीमेपलीकडच्या गायनसंस्थेला आपण एक कोटी देऊ शकतो, आणि उत्तम केलं. नौपाड्याच्या मंडळाला पितळेचा एक बिल्ला द्यायला काय हरकत आहे?

आणि शंभरी गाठलेल्या संस्था काही कमी नाहीत. पुण्याचा गायन समाज १८७४ चा. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज १९११ चा. आपल्या शेजारी कल्याणचा गायन समाज १९२६ चा. यांची नावं तरी लोकांना माहीत आहेत. ज्यांचं नाव गल्लीबाहेर गेलं नाही त्यांचं काय, तुमचा प्रश्न तो आहे, माझाही तोच.

माझं मत विचाराल तर पदक हवं, पैसे नकोत. आमच्या मंडळात हे बोलले तेव्हा दोन जण महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना वाद्यं घ्यायला प्रत्येकी २५,००० रुपयांचं अनुदान जाहीर केलं होतं. ते अनुदान मला मान्य आहे, फाटका भाता बघितला की जास्तच मान्य होतं. पण अनुदान ही गरज आणि पदक हा मान. पदकाला रक्कम चिकटली की तिसऱ्या दिवशी शंभर वर्षांची मंडळं उगवायला लागतील, पावसाळ्यात छत्र्या उगवतात तशी.

मॅडम, कोपरीत आमचं भजनी मंडळ आहे. जुने लोक म्हणतात १९२४ ला सुरू झालं. नोंदणीच्या कागदावर १९७१ आहे. २६ जुलैच्या पुरात कपाट गेलं. उद्या कोणी विचारलं तर आमचं वय किती सांगायचं?
— सहचिटणीस, ठाणे पूर्व

१९२४ सांगा. पण सिद्ध करा.

नोंदणी म्हणजे बारसं, जन्म नव्हे. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा बोललेय की माझे साहेब मला बारसेबाई म्हणायचे. आपला सार्वजनिक विश्वस्त कायदाच १९५० चा. १९२४ साली तुमच्या पूर्वजांनी ट्रस्ट म्हणून नोंदणी करायची म्हटलं असतं तरी कुठे करणार होते? १८६० चा संस्था नोंदणीचा कायदा होता, पण कोपरीच्या देवळात टाळ वाजवणाऱ्या माणसांना तो कोण सांगणार. त्यामुळे १९७१ हा तुमचा दोष नाही.

पहिलं काम धर्मादाय कचेरीतलं. नुसतं प्रमाणपत्र आणून थांबू नका, ते तुमच्याकडे आहेच. १९७१ साली तुमच्या मंडळींनी जो मूळ अर्ज भरला, त्याची प्रमाणित नक्कल मागा. त्या अर्जात ट्रस्ट कोणत्या दस्ताने झाला हे विचारलेलं असतं, आणि दस्त नसेल तर त्याची उत्पत्ती कशी झाली यासाठी वेगळा रकाना असतो. बहुतेक जण तो रकाना विसरतात. मी पाहिलंय, जुन्या अर्जांत तिथे कोणीतरी सुंदर मोडीवळणाच्या देवनागरीत लिहून ठेवलेलं असतं: सदर मंडळ अमुक सालच्या प्लेगनंतर, किंवा अमुक बुवांच्या प्रेरणेने, ग्रामस्थांनी सुरू केले. सरकारी कागदावर, शपथेवर, पन्नास वर्षांपूर्वी केलेलं ते विधान आहे. याहून चांगला पुरावा तुम्हाला घरात बसून मिळणार नाही.

दुसरं काम ग्रंथालयात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, १८५० चं. ‘अरुणोदय’ तर ठाण्यातून १८६६ सालीच निघू लागला होता, म्हणजे आपल्या गावाला छापून यायची सवय जुनी आहे. जुने अंक, स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल जिथे मिळतील तिथे एक दुपार घालवा. तुमच्या मंडळाचं नाव बातमीत नसेलही. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या ओळीत, ‘भजनी मंडळ, कोपरी’ एवढंच असेल. तेवढं पुरतं. पानाचा फोटो घ्या, अंकाची तारीख दिसेल असा.

तिसरं, पुराचं. इथे मी जरा माझं सांगते. २००५ च्या त्या पावसात आमचंही कपाट बुडालं. मंडळ तेव्हा एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर भरायचं. तो वाडा आता नाही, तिथे चौदा मजले आहेत आणि आमचा तंबोरा एका सभासदाच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी उभा असतो. तर, पाणी ओसरल्यावर मी इतिवृत्ताच्या वह्या घरी आणल्या. पान पान सुटं केलं, मधे वर्तमानपत्रं घातली, पंखा लावला, चार दिवस घरात कोणाला चालता येईना. ठराव होते शाईचे. निळी शाई सगळी वाहून गेलेली, नुसते निळे ढग. पण जमाखर्च आमच्या तेव्हाच्या खजिनदारांनी पेन्सिलीने लिहिला होता. चूक झाली तर खोडता यावी म्हणून! तो अक्षर न् अक्षर शाबूत. गॅसबत्तीचं भाडं, पानसुपारी, तबल्याला पुडी चढवली, पेटी सुरात लावली, बुवांना जाण्यायेण्याचं भाडं. ठरावांवरून काय कळलं असतं? अमुक यांनी मांडला, तमुक यांनी अनुमोदन दिलं. जमाखर्चावरून मला कळलं की एकही वर्ष असं गेलं नाही ज्यात तबल्यावर पैसे खर्च झाले नाहीत. वाजत नाही तो तबला फाटत नाही. सलगपणाचा याहून चोख पुरावा मी कोणत्याही ऑडिटमध्ये पाहिला नाही.

म्हणून कपाट गेलं म्हणून हात टेकू नका. खजिनदारांच्या घरी विचारा. चिटणीसांकडे नुसते ठराव मिळतील, खजिनदारांकडे मंडळ मिळेल.

जाता जाता एक कानपिचकी. तुमच्या नोंदीत सध्याचे विश्वस्त आहेत का? कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आमचा दिला गेला उशिरा, मग तो एका कचेरीच्या फडताळात निवांत पडला, आणि कागदोपत्री आमचे अध्यक्ष वारल्यानंतरही नऊ वर्षं मंडळ चालवत होते. सर्वपित्रीला त्यांना पान वाढायचं की अजेंडा पाठवायचा, असा विनोद आम्ही करायचो. हसण्यासारखं नव्हतं. नऊ वर्षं बँकेत सही चालेना.

पद्मश्री संस्थेला मिळते का?
— वाचक, पाचपाखाडी

नाही. ती व्यक्तीला असते.

काकी, मी घणसोलीजवळच्या गावातला. आमच्या गावच्या भजनी मंडळात माझा पणजोबा पखवाज वाजवायचा. नोंदणी नाही, वही नाही, पावती नाही. सिडको आल्यावर शेतं गेली, घरं बदलली, मंडळ चालूच आहे. सप्ताह एकदाही चुकला नाही. पण कागद मागितला तर आमच्याकडे काय आहे?
— नवी मुंबई

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हा आगरी-कोळ्यांच्या गावांची हीच गंमत आहे. सिडको १९७० साली आली, महापालिका १९९२ साली, आणि दोघांच्याही आधीपासून तुमचा पखवाज वाजतोय. शहर तुमच्यापेक्षा लहान आहे.

कागद नाही म्हणतोस, पण तुझ्याकडे धातू असेल. देवळात जा आणि दुपारच्या उजेडात बघ. समया, घंटा, परात, मोठी पातेली, यांवर देणाऱ्याचं नाव आणि साल कोरायची आपल्याकडे रीत आहे. ‘भजनी मंडळास’ एवढे शब्द आणि साल सापडलं तर पितळेने साक्ष दिली म्हणायची. वीणेच्या भोपळ्यावर, पखवाजाच्या खोडावर आतून-बाहेरून काही लिहिलंय का तेही बघ, शाई चढवायला पखवाज दिला की कारागिराला सांगून ठेव. देवळाचा जीर्णोद्धार झाला असेल तर पायरीवर किंवा भिंतीत फरशी असते.

मग लग्नपत्रिका. हसू नकोस. हळदीच्या रात्री भजन असेल तर जुन्या पत्रिकेत मंडळाचं नाव छापलेलं असतं, आणि आपल्या बायका पत्रिका फेकत नाहीत, ट्रंकेच्या तळाशी साडीखाली घालतात. आजीला विचार.

अलीकडच्या वर्षांसाठी एक सरकारी कागद हमखास मिळेल, तो म्हणजे ध्वनिक्षेपकाची परवानगी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. तेव्हापासून सप्ताहाला लाउडस्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्यातून परवानगी काढावी लागते. गावातला जो कोणी धावपळ करणारा असेल, त्याच्या फायलीत त्या परवानग्या वर्षांनुसार लावलेल्या मिळतील. ज्या नियमाला सगळे शिव्या घालतात त्याच नियमाने तुमच्या पंचवीस वर्षांची नोंद ठेवली आहे.

आणि म्हाताऱ्यांना बोलतं कर. मोबाइल समोर ठेव, पण ‘मंडळ कधी सुरू झालं’ असं विचारू नकोस, ते शंभर-दीडशे-दोनशे असं काहीही सांगतात, प्रेमाने. विचार की तुम्ही पहिल्यांदा टाळ धरलात तेव्हा पखवाजावर कोण होतं, आणि त्यांना कोणी शिकवलं? तीन माणसं वेगवेगळी बसवून तीच तीन नावं आली, की पिढ्या मोजता येतात. माझ्या जुन्या साहेबांच्या भाषेत याला ताळा जुळणं म्हणतात.

मग नोंदणी कर. सात सभासद लागतात. गावात सात माणसांचं एकमत होणं कठीण, हे मला कळतं, पण जो दिवस टळला तो तुमच्या पुराव्यातून वजा होतो. घटनेच्या पहिल्या कलमात लिही की मंडळ परंपरेने अमुक काळापासून चालू असून आज नोंदवले जात आहे. मघाशी कोपरीकरांना सांगितलेला रकाना आठवतो ना? पन्नास वर्षांनी तुझा नातू तो वाचायला जाईल.

एक गृहस्थ आले होते. पाच हजार रुपये ‘सन्मानचिन्ह शुल्क’ भरलं तर मंडळाला राष्ट्रीय संगीत गौरव मिळवून देतो म्हणाले. प्रमाणपत्राचा नमुना दाखवला, वर तीन सिंह आहेत. भरू का?
— ऐरोली

नको. सरकार सन्मान देताना चिन्हाचे पैसे मागत नाही. आणि राजमुद्रा कोणी आपल्या मनाने छापायची नसते, त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. पुढच्या वेळी ते गृहस्थ आले की चहा द्या आणि त्या नमुन्याची एक झेरॉक्स मागून घ्या. बहुधा चहा न पिताच जातील.

पाच हजार खर्चच करायचे असतील तर टपाल खात्याकडे विशेष आवरणाची चौकशी करा. संस्थेच्या शताब्दीला, अमृतमहोत्सवाला टपाल खातं असं खास पाकीट आणि त्या दिवसाचा शिक्का काढतं. खर्च संस्थेने द्यायचा असतो आणि तो पाच हजारांवर जाईल, म्हणून वर्गणी आतापासून जमवा. हा सन्मान नव्हे, हे मलाही कळतं. पण शिक्का खरा असतो आणि तारीख पुसता येत नाही.

ताई, मी सव्वीस वर्षांची आहे, घोडबंदर रोडला राहते, ठाण्यातल्या एका जुन्या गायन मंडळात दोन वर्षांपासून जाते. मंडळाचा इतिहास लिहून सरकारकडे सन्मानाची मागणी करावी असं मी सुचवलं तर दोन तट पडले. एक ज्येष्ठ म्हणाले, सरकारी मान कशाला हवा, आपण हौसेने गातो. दुसरे मला बाजूला घेऊन म्हणाले, आधी दर्जा बघ, आपल्याकडचे एक काका गेली चाळीस वर्षं बेसूर गातात, कोणी ऐकायला आलं तर अब्रू जाईल. मला दोघांचंही पटतं. काय करू?
— घोडबंदर रोड

पहिल्या ज्येष्ठांचं मलाही पटतं, आणि त्याला कारण माझी पेटी. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) लागत नाहीत, अशी कारणं. १९७१ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, सरकारच्या रेडिओवर पेटीला जागा नव्हती. त्या एकतीस वर्षांत पेटी मेली का? भजनी मंडळांत, कीर्तनात, संगीत नाटकांच्या तालमीत, गल्लोगल्लीच्या गायनवर्गांत ती वाजतच होती. आमच्या मंडळाच्या जमाखर्चात १९५२ साली ‘पेटी दुरुस्ती’ म्हणून रक्कम आहे. सरकारदरबारी बंदी असलेल्या वाद्यावर आमचे लोक महिन्याच्या वर्गणीतून पैसे खर्च करत होते. तेव्हा सरकारी मानावाचून काही अडत नाही हे ज्येष्ठांचं म्हणणं खरंच आहे.

पण मग तेच उलटं धरून बघ. ज्या सरकारने एकदा नाक मुरडलं होतं, त्याच्याकडून ती एकतीस वर्षं चालवल्याची नोंद मागण्यात कमीपणा कसला? आपण भीक मागत नाही, हिशेब दाखवतोय. ज्येष्ठांना या शब्दांत सांगून बघ. नाही ऐकले तर निदान इतिहास लिहायला हरकत घेणार नाहीत.

दुसऱ्या गृहस्थांचं मात्र मला अजिबात पटत नाही. दर्जाचा सन्मान वेगळा. त्यासाठी स्पर्धा आहेत, राम मराठ्यांच्या नावाचा संगीत महोत्सव ठाण्यातच होतो, तिथे जाऊन दर्जा ऐकावा, कान धुऊन निघतात. झेल्टर पदक सर्वांत सुरेल वृंदाला मिळत नाही, टिकलेल्याला मिळतं. आणि मंडळ सुरेल माणसांमुळे टिकतं असा माझा बेचाळीस वर्षांत अनुभव नाही. सुरेल माणसं येतात, तयार होतात, मोठ्या ठिकाणी जातात. जायलाच हवं. मागे जे उरतात ते सतरंज्या झटकतात.

तुमच्या त्या काकांबद्दल तू पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलंयस ते मी मुद्दाम पुन्हा वाचलं: हॉलची किल्ली त्यांच्याकडेच असते आणि ते सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन पंखे लावतात. चाळीस वर्षं. २०२० साली सगळं बंद होतं तेव्हाही गुरुवारी संध्याकाळी ते एकटे जाऊन तंबोऱ्याच्या तारा पुसून यायचे, असं तुला कोणीतरी सांगितलं म्हणतेस. (तेव्हा बाहेर पडायला परवानगी होती का, हे आपण विचारायला नको.) टाळेबंदीत खंड पडला का, हा प्रश्न उद्या कोणी काढला तर त्याचं उत्तर या माणसाकडे आहे.

सन्मानाचा अर्ज होईल तेव्हा होईल. या गुरुवारी जरा लवकर जा. ते पंखे लावत असतील. त्यांना विचार, किल्ली तुमच्या हाती कोणत्या साली आली, आणि त्याआधी कोणाकडे होती, आणि त्याच्याही आधी? तिथेच बसून लिहून घे. पेन्सिलीने.